संपतरावांच्या बोटीचं वजन

बोटीचं नाक पाण्यात गेलं होतं आणि सुकाणू निम्मं वर आलं होतं. खडकवासल्याच्या काठावर संपतराव अभिमानाने म्हणाले, "आता उलटत न्हाय बघा. पाया पक्का केलाय."

मी शिडाच्या छोट्या बोटी दुरुस्त करतो. पुण्यात राहून असा धंदा चालतो, यावर माझ्या नातेवाइकांचा अजूनही विश्वास नाही. संपतराव वाघोलीचे बिल्डर. मुलगी ऋतुजा इंजिनिअरिंगला, तिला सेलिंगचं वेड. तिच्यासाठी त्यांनी सेकंडहँड बोट घेतली. आधीच्या रविवारी बापलेक निघाले आणि वाऱ्याच्या एका झोतात बोट आडवी झाली. दोघांनी लाइफ जॅकेट घातली होती, त्यामुळे चपला आणि अब्रू एवढंच बुडालं. पण त्यांच्या बायकोने, मंगलवहिनींनी, ते काठावरून पाहिलं होतं. "पुन्हा उलटली तर बोट विकायची," त्यांनी सांगून टाकलं. ऋतुजाचा चेहरा तेव्हापासून उतरलेला.

म्हणून हा पाया. मी बोटीची पुढची पेटी उघडली. आत काँक्रीटचे क्यूब रचलेले. स्लॅब भरताना मालाची ताकद तपासायला हे ठोकळे पाडतात. उरलेले साइटवर पडून असतात.

"संपतराव, बिल्डिंग एका जागी उभी असते. ही चालते."

"वजन ते वजन. काय फरक पडतोय?"

फरक पडतो. बोट कलली तरी पुन्हा उभी राहावी म्हणून तिच्या पोटात जे वजन ठेवतात, ते बॅलास्ट. ते तळाशी, मध्याजवळ आणि घट्ट बांधलेलं लागतं. मोकळं असलं तर बोट कलताच तेही त्याच बाजूला घरंगळतं. बोट पुढेमागे सपाट बसणं म्हणजे ट्रिम. नाक जड झालं की सुकाणू वर येतं आणि बोट कुणाचं ऐकत नाही.

मी तळाची फळी उचलली. खाली रिकामे कप्पे आणि बोल्टची भोकं.

"इथे शिशाच्या लाद्या असणार. कुठे गेल्या?"

संपतराव धरणाकडे पाहू लागले. उत्तर मागे उभ्या वहिनींनी दिलं. "त्या काळ्या व्हय? ट्रेलरला जड हुत्यात म्हणून ह्यांनीच काढल्या. गोठ्यात हायेत. एकीवर मी पेंडीचं पोतं ठेवलंय." मग नवऱ्याकडे वळून, "म्हंजी बोट उलटली ती ह्यांच्यामुळं?"

धरणाकडे आता मीही पाहू लागलो.

शनिवारी लाद्या आल्या. पेंडीचा वास येत होता, पण वजन शाबूत होतं. मी त्या बोल्टने आवळल्या, क्यूब बाहेर काढले. बोट सपाट तरंगली. ऋतुजा सुकाणूपाशी बसली आणि संपतराव तिला खेटून, अगदी मागे, सूचना द्यायला. लगेच मागची बाजू दबली, नाक वर आलं. बोट वळायला गेली की वारा नाकाला परत ढकलायचा.

"पप्पा, प्लीज मधे सरका ना. ट्रिम बिघडतोय!"

"मधून मला काय दिसत न्हाय. ती दोरी वढ. ती न्हाय, पलीकडची!"

मी त्यांना परत बोलावलं. "संपतराव, उतरा."

"मग तोल कोण सांभाळणार? दोन माणसं लागत्यात म्हणला होता."

"लागतात. जागेवर बसणारी."

वहिनींनी चपला काढल्या. "काठावरनं बघत बसण्यापरीस पोरीसंगट गेलेलं बरं. कुठं बसू?"

त्यांना पोहता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मीही घाबरलो. लाइफ जॅकेटचे पट्टे दोनदा तपासले आणि मध्यावरची जागा दाखवली. वारा येतो त्या बाजूला बसायचं, ऋतुजा म्हणेल तेव्हा पलीकडे सरकायचं.

निम्म्या पाण्यात झोत आला. बोट कलली. वहिनींनी डोळे मिटले, बोटीची कड घट्ट धरली, पण जागा सोडली नाही. बोट सावकाश उभी राहिली. मग "आई, वळतेय, इकडे ये," असं ऐकू आलं आणि त्या सरकल्या. बोट एका दमात वळली. काठाला लागली तेव्हा वहिनींचा पदर चिंब होता. "उद्या किती वाजता?" त्यांनी लेकीला विचारलं.

बोट विकली गेली नाही. रविवारी मायलेकी जातात. संपतराव काठावरच्या क्यूबच्या ढिगावर बसून सूचना देतात. वारा बहुधा उलटा असतो, बोटीपर्यंत काही पोचत नाही.

बॅलास्ट तळाशी हवं, मध्यावर हवं, घट्ट हवं, हे सगळीकडे शिकवतात. ते गप्प हवं, हे मी अलीकडे सांगू लागलोय.