आभार आधी, कथा मागून

झरीच्या राजेश्रीला जागतिक पुरस्कार मिळायचा तेवढा राहिला होता. शिलाई मशीनच्या वरच्या भिंतीवर तिनं असे पुरस्कार मिळवलेल्या लेखिकांची कात्रणं चिकटवली होती. कुणी साठीत जिंकलेली, कुणी सत्तरीत. आपण तर जेमतेम त्रेचाळीस, लय वेळ हाय, अशी ती स्वतःची समजूत घालायची. वीस वर्षांत एकही कथा पुरी झाली नव्हती, ही किरकोळ बाब. "या घरात लिहिणं होतं व्हय?" हे एक वाक्य मात्र ती न चुकता पुरं करायची.

परभणीच्या एका मासिकानं कथास्पर्धा जाहीर केली. मुदत आठ दिवस. राजेश्री हुरूपानं वही घेऊन बसली आणि कथेऐवजी परदेशातल्या सत्काराला द्यायचं भाषण लिहून उठली. चार पानं नुसते आभार. नवरा, माहेर, गिऱ्हाइकं, मशीन दुरुस्त करणारा सटवाजीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती भाकरी थापत असताना लेकीनं, अर्पितानं, ती वही मोठ्यानं वाचून दाखवली. शेंगा सोलणाऱ्या सासूबाई, कासाबाई, थबकल्या. लग्नपत्रिकेत नाव सुटलं तर इथं माणसं दोन पिढ्या बोलत नाहीत. हा तर जगाचा पुरस्कार.

"सटवाजी हाय अन् मी न्हाई?"

"आत्याबाई, बक्षीस मिळालंय कुठं अजून?"

"मिळाल्यावर कोण इचारतंय? आत्ताच टाक. अन् गोष्ट कुठंय?"

"लिहायचीय."

कासाबाईंनी काठवट आपल्याकडं ओढली. "मग आठ दिस चुलीकडं फिरकू नको. फुकटचा मान मला बी नको."

झालं! हुकमी कारणच हातचं गेलं. चहा आयता, धुणं अर्पितानं नेलेलं, दार लोटलेलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर या लोकांनी अंगणच सरळ करून दिलेलं. कोऱ्या पानासमोर राजेश्रीला रडूच कोसळलं. वीस वर्षं तिनं घराच्या नावानं बोटं मोडली होती आणि भ्यालेली होती ती स्वतःच. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. लाजेलाजेनंच तिनं पहिली ओळ लिहिली.

सहाव्या दिवशी कासाबाई दारात आल्या. "किती झालं?"

"दीड पान."

"वाच."

राजेश्रीनं चाचरत वाचलं. एक नवी नवरी माहेरची शेळी हट्टानं सोबत आणते आणि वाटेत, वरातीच्या गोंधळात, शेळी दावं तोडून पळते. इथं पान संपलं.

कासाबाई उंबऱ्यावरच बसल्या. "मग? घावली का शेळी?"

राजेश्रीलाच ठाऊक नव्हतं. आणि जन्मात पहिल्यांदा तिला भाषणापेक्षा ते कळायची घाई झाली.

"दार लावून घ्या, आत्याबाई," ती म्हणाली.