मानमोडीच्या वर्षीचा काकडा

त्या वर्षी देवावरचा माझा विश्वास उडाला होता असे म्हटले तर ते खोटे होईल. उडाला असता तर बरे झाले असते, निदान भांडायला कोणी उरला नसता. मी रोज भांडत होतो. सकाळी उठल्यावर भांडण, दिवे लागल्यावर भांडण. मला हे सगळे लिहून काढ म्हणणाऱ्यांना बहुधा साक्षात्कार हवा असेल, प्रकाश दिसला, सुगंध आला असले काही. माझ्या घरी त्या दिवसांत गुगुळाचा धूर सोडला तर कसला सुगंध नव्हता, आणि जे झाले ते इतके वेडेवाकडे झाले की त्याला कृपा म्हणायला मला बरीच वर्षे लागली.

पहिल्या मोठ्या लढाईचे ते शेवटचे वर्ष. पाऊस भादव्यातच पाठ फिरवून गेला आणि दसऱ्याच्या सुमाराला आमच्या धानोऱ्यात ताप शिरला. धडधाकट माणसाची मान बघता बघता लटकी पाडायचा, म्हणून लोक त्याला मानमोडी म्हणत. गंमत अशी की म्हातारेकोतारे खोकत राहत आणि नांगर धरणारे तरणे गडी जात. माझे वय तेव्हा चाळिशीच्या आत, बायको तिशी ओलांडलेली, आणि एकुलती मुलगी सासरी. घरात आम्ही दोघेच.

आमच्या विठोबाच्या देवळात कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा होत असे. काकडा म्हणजे उजाडायच्या आत भजन म्हणून देवाला झोपेतून उठवायचे. भजनी मंडळीत मृदंग आमच्या घराकडे. वडिलांनी डोळे मिटताना शेताबद्दल काही सांगितले नाही, घराबद्दल सांगितले नाही, फक्त काकड्याची एकही पहाट चुकवू नकोस एवढे सांगितले. मंडळीचे म्होरके दगा आप्पा. त्यांच्या हातात टाळ. आवाज फुटक्या घागरीसारखा, पण शेकडो अभंग तोंडपाठ, आणि लय मात्र आयुष्यात कधी सांभाळली नाही. ते पुढे पळायचे आणि मी मृदंगावर त्यांच्यामागून धावायचो. इतकी वर्षे मी हेच केले.

ताप वाढला तसे नंदुरबारहून सरकारी डॉक्टर घोड्यावरून आले आणि सांगून गेले की माणसांनी एकत्र जमू नये, मीठ-पाण्याच्या गुळण्या कराव्यात, तोंडाला फडके बांधावे, तापकऱ्याला वेगळे निजवावे. आता ही गोष्ट गावाला कळवायची कशी? तर दवंडी पिटून. दवंडी वाजली आणि जमू नका हे ऐकायला सगळे गाव चावडीपुढे खांद्याला खांदा लावून जमले. पुढची कथा याहून बरी नाही. गुळण्यांचे सगळ्यांना पटले, म्हणून सकाळी पाराभोवती दहा-वीस माणसे गोळा होत आणि एकाच तांब्याने आळीपाळीने गुळण्या करत. गळ्यात कापराची पुरचुंडी बांधून लोक एकमेकांची चिलीम ओढत. मी ओरडलो की म्हणत, अरे, फडके लावून ओढतो ना. त्या फडक्याचा रंग मी इथे लिहीत नाही.

काकडा बंद झाला. पुजारी एकटाच आरती करून दार ओढून घेई. मी मृदंग खुंटीला टांगला, आणि वडिलांचे शब्द रोज पहाटे कानात वाजत राहिले. आणि गंमत पाहा, देवासाठी जमायचे नाही म्हणून ज्यांनी मान डोलावली तेच लोक प्रेतयात्रेला मात्र भजनी मंडळी हवीच म्हणून माझ्या दारात येत. आमच्याकडे टाळ-मृदंगाशिवाय माणूस मसणवटीत नेणे म्हणजे त्याला भिकाऱ्यासारखे घालवणे. नाही म्हणायची सोय नव्हती. सकाळी एक तिरडी, दुपारी एक, नाल्याकाठची राख निवायला वेळ नाही. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे त्याला घुमारा येतो. वाजवून झाले की ती खरवडून गाईला घालायची. पण त्या धावपळीत कणीक भिजवायला सवड कोणाला? तसाच गळ्यात अडकवून निघायचे. कणकेविना डावे तोंड पोकळ, कोरडे बोलते. गावाच्या कानाला तो कोरडा आवाज इतका सवयीचा झाला की तो आला की बायका पदर तोंडाला लावून ओट्यावर येत आणि पुरुष देवळामागे रचून ठेवलेल्या तिरडीच्या बांबूंकडे निघत.

मग माझ्या घरात ताप आला. बायको चुलीपुढून उठली ती भिंत धरूनच. दुसऱ्या दिवशी मलाही हुडहुडी भरली. पंचांनी तोवर एक शहाणपणाचा नियम काढला होता: ज्याच्या घरी ताप त्याने विहिरीवर यायचे नाही, शेजाऱ्याने त्याच्या उंबऱ्याबाहेर पाणी ठेवायचे. नियम वाईट नव्हता. फक्त आमचा एका बाजूचा शेजारी बायकामुलांसह मळ्यात राहायला निघून गेला होता आणि दुसऱ्या बाजूच्या घरात सगळेच आडवे झाले होते. नियम करणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नाही. आणि मी? मी दारात जाऊन हाक मारली का? नाही. दगा आप्पांना एका मयताच्या वेळी मी चिलमीवरून नको तेवढे बोललो होतो. आता त्यांच्याकडे पाणी मागायचे म्हणजे कमीपणा वाटे. शिवाय मला वाटे, देवाला दिसत नाही का? ज्याच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या हात बडवले त्याने एवढे तरी पाहावे.

रांजणातले पाणी तळाला गेले. बायकोचे ओठ फुटून रक्त येऊ लागले. ती मधूनच बरळायची, मुलीचे नाव घ्यायची, मग गप्प व्हायची, आणि ती गप्प झाली की मी श्वास ऐकायला तिच्या तोंडाशी कान न्यायचो. ती जाणार हे मला कळत होते. तिच्याशिवाय घर म्हणजे काय हा विचार डोक्यात आला की मी तो हाकलून द्यायचो आणि त्या जागी देवाला शिव्या द्यायचो. शिव्या द्यायला तेवढी ताकद उरली होती.

एका पहाटे, तांबडे फुटायच्या आधी, मी उठून बसलो. काकड्याची वेळ. मनात आले, नेम तुझ्या गावाने मोडला, तू मोडू दिलास, मी कशाला मोडू? घे, ऊठ, झोपा काढतोस ना? भक्ती म्हणून नाही, चिडून मी मृदंग खुंटीवरून काढला. सवयीने परातीत गव्हाचे पीठ घेतले आणि रांजणात तांब्या घातला. तळाचे दोन घोट आले. तेवढ्यात आतून ती पाणी म्हणाली. मी ते दोन घोट तिच्या ओठांत घातले. पीठ परातीत कोरडेच राहिले. मग ओट्यावर बसून, अंगात ताप असताना, कणकेविनाच मी वाजवायला लागलो. तोंडाने अभंग निघेना, नुसता हात चालला. किती वेळ वाजवले ठाऊक नाही. मान छातीवर आली होती.

डोळे उघडले तर गल्लीत माणसे. धोतराचे सोगे नाकाला लावून उभी, आणि पुढच्या दोघांच्या खांद्यावर बांबू. एकाने काथ्याची दोरी आणली होती, एकाच्या टोपलीत गोवऱ्या. ज्या घरात इतके दिवस तांब्याभर पाणी घेऊन कोणी फिरकले नव्हते, तिथे आता निम्मे गाव हजर. जिवंताची भीती आणि मेल्याचा मान, असा हा आमचा हिशेब. दगा आप्पा पुढे आले, डोळे भरलेले. ती केव्हा गेली म्हणून त्यांनी विचारले,

‘भाऊ, वहिनी कव्हय गई?’

माझ्या अंगाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, ‘कोठेच गई नही. जित्ती शे ती.’

कोणाचाही विश्वास बसला नाही. दुःखाने याचे डोके फिरले असे त्यांना वाटले असावे. कोणीतरी मला हळूच म्हणाले, असंच होतं, रड, मोकळा हो. समोरच्या ओट्यावर एका बाईने माझ्या बायकोचे नाव घेऊन गळा काढला, तिच्या हातच्या भाकरीपासून तिच्या स्वभावापर्यंत सगळ्याचे गुण गायला सुरुवात केली. मी ओरडतो आहे, जिवंत आहे ती, आणि ती बाई सूर चढवते आहे. इतका लाचार आणि इतका चिडलेला मी जन्मात झालो नाही. मृदंग उचलून भिरकावून द्यावा असे वाटले, पण तो उचलण्याची शक्ती नव्हती.

तेव्हा आतून आवाज आला. खरखरीत, बारीक, पण तिचाच.

‘उनात तं उनात, पानी भरी द्या.’

आलातच आहात तर पाणी तेवढे भरून द्या, म्हणत होती ती. रडणारी बाई तोंड उघडे ठेवून थांबली. दोघे-तिघे मागे सरकले, भुताच्या भीतीने की तापाच्या, देव जाणे. तेवढ्यात गर्दीतून एक अनोळखी माणूस ओट्यावर चढला. डोळ्यांच्या खाली सगळे तोंड फडक्याने बांधलेले. नंतर कळले की तो पिंजारी होता. दर थंडीत गावोगाव रजयांचा कापूस पिंजत हिंडणारा, त्या वर्षी काम मिळेना म्हणून चावडीच्या पडवीत अडकून पडलेला. मयताला खांदा दिला तर पुण्य लागते म्हणून सगळ्यांबरोबर आला होता. कापूस नाकातोंडात जाऊ नये म्हणून ते फडके त्याच्या तोंडाला जन्माचेच होते. तो सरळ आत गेला, रिकामा रांजण पाहिला, घागरी उचलून बाहेर आला आणि बांबू धरणाऱ्यांच्या पुढ्यात त्या ठेवून म्हणाला, ‘बांबू द्या मन्हाकडे.’

तिरडीच्या बांबूला तिरडीच्याच दोरीने त्याने दोन्ही टोकांना घागरी बांधल्या आणि कावड करून विहिरीकडे निघाला. गर्दीत कोणीतरी पिंजाऱ्याच्या हातच्या पाण्याबद्दल पुटपुटले. दगा आप्पा मागे वळले आणि एवढेच म्हणाले, ‘मंग तू आन.’ त्यानंतर कोणी पुटपुटले नाही. उलट ज्याने गोवऱ्या आणल्या होत्या त्याने त्या आमच्या चुलीपाशी ओतल्या, आणि गळा काढणारी ती बाई डोळे पुसत चूल फुंकायला बसली. ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज झाली. बायकोने चमच्या-चमच्याने घेतली. मी ओट्यावरच आडवा झालो आणि रडलो, आणि रडताना सुद्धा या लोकांचा मला राग येतच होता.

पिंजारी बरेच दिवस पाणी भरत राहिला. त्याचे पाहून गावातल्या पुरुषांनी तशीच फडकी बांधायला सुरुवात केली. डॉक्टरांनी सांगितले तेव्हा पटले नव्हते, पण ते असो. मी उठून बसता झालो तेव्हा दगा आप्पांनी एक युक्ती काढली. देऊळ बंद आहे ना, मग काकडा गल्लीत करू, पण एका वेळी एकानेच. रोज पहाटे त्यांनी टाळ घेऊन तापाच्या घरांपुढे लांब उभे राहून अभंग म्हणायचा आणि आतून कोणी ओ देईपर्यंत पुढे सरकायचे नाही. ओ आली की उंबऱ्याबाहेर पाणी ठेवायचे. ओ नाही आली तर आत जायचे. मी माझ्या ओट्यावरून साथ करायची. गल्लीच्या त्या टोकाला टाळ, या टोकाला मृदंग, मध्ये वाऱ्याचा खेळ. आयुष्यात इतके बेसूर आणि बेताल भजन मी ऐकले नाही, वाजवले तर नाहीच नाही. आप्पा तिकडे तिसऱ्या कडव्यावर आणि मी अजून ध्रुपदावर. पण एका पहाटे दुसऱ्या बाजूच्या शेजारघरातून क्षीण आवाजात ओ आली, आणि मला वडिलांची आठवण झाली. देवाला उठवायचे म्हणतात ते काय, हे मला तेव्हा थोडेसे समजले.

गाव सगळे वाचले नाही. पुष्कळ घरांतून ओ आली नाही. हे लिहिले नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल, म्हणून लिहितो. माझे घर राखले गेले आणि त्यांचे का नाही, याचे उत्तर मला देवाने दिलेले नाही आणि मी आता मागतही नाही.

कार्तिकी पौर्णिमेच्या आधीच पिंजारी निघून गेला. बायको उंबऱ्यापर्यंत चालू लागली तेव्हा तिने त्याला जेवायला बोलवा म्हटले. मी चावडीवर गेलो तर पडवी रिकामी. पुढे नंदुरबारला गेलो की पिंजाऱ्यांच्या आळीत चौकशी करायचो. धानोऱ्याला मानमोडीत कोण अडकले होते, असे विचारायचो. त्या वर्षी कोण कुठे अडकले होते याचा त्यांनाही पत्ता नव्हता, आणि मी त्याची खूण काय सांगणार? नाव विचारायचे राहून गेले होते आणि डोळ्यांखालचे तोंड मी कधी पाहिलेच नव्हते. म्हणून त्या आळीतल्या प्रत्येकाला मी रामराम करतो. त्यांना वाटते हा म्हातारा चक्रम आहे. वाटू दे.

आता बायकोचे केस पांढरे झाले आहेत आणि ती माझ्याहून ठणठणीत आहे. एकदा काकड्याहून आल्यावर मी तिला म्हणालो, तो माणूस देवानेच पाठवला होता, मी इतका भांडलो तरी त्याने ऐकले. ती दादर ज्वारी निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली,

‘धाडा व्हई देवनी. पन पानी तं मीच मांगं ना.’

खरेच, देवाने धाडला असेल, पण पाणी मागितले ते तिने. शरण जाणे म्हणजे हात जोडून डोळे मिटणे असे मी समजत आलो होतो. ती मरणाच्या दारात होती, आणि तिने बांबू घेऊन आलेल्या माणसांपुढे अभिमान न धरता हात पसरला. मी मात्र देवाला जाब विचारत तहानलेला बसून राहिलो होतो. विठोबाला मी तेव्हापासून वाकडे काही ऐकवत नाही. पहाटे मृदंग मांडीवर घेतला की आधी तिला हाक मारतो, आणि ती आतून ओ देते.