पंधरा ऑगस्ट, बंद पडलेली लाइन आणि पावलोची आई

पंधरा ऑगस्टला सायखेड्याजवळच्या आमच्या फॅक्टरीत झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली... आणि मशीन बंद पडलं.

आम्ही टोमॅटोचा पल्प करतो. मी तिथे प्रॉडक्शन बघते, राहायला इंदिरानगरला. मशीन इटलीचं. लाइट गेली, आली, स्क्रीनवर एक लाल ओळ उमटली आणि अख्खी लाइन लॉक. ते लॉक उघडायचा कोड फक्त कंपनीकडे.

कंपनीला फोन लावला तर रेकॉर्ड केलेला आवाज. ईमेलला आपोआप आलेलं उत्तर... सुट्टीनिमित्त बंद, महिनाअखेरीस भेटू.

आमचे मालक अशोकराव लालबुंद झाले. "पंधरा दिवस? अख्खी कंपनी? एक माणूस मागे ठेवत नाहीत?"

मला मात्र हे माहीत होतं. मशीन घेतलं तेव्हा मी इटालियनचा छोटासा ऑनलाइन कोर्स केला होता. भाषेबरोबर त्या देशाचीही ओळख करून द्यायचे. ऑगस्टमध्ये तिथे कारखाने, दुकानं बंद ठेवून लोक समुद्रावर नाहीतर डोंगरात जातात, आणि पंधरा ऑगस्ट म्हणजे तर मोठा सण.

शिवाय तिथल्या कितीतरी कंपन्या म्हणजे एकेक कुटुंबच. मशिनं जगभर विकतात, पण बाप ऑफिस बघतो आणि मुलगा पाना चालवतो... कुटुंब सुट्टीवर गेलं की कंपनीच सुट्टीवर.

इकडे गेटबाहेर ट्रॅक्टर आणि पिकअप यायचे थांबत नव्हते. कांद्यासारखा टोमॅटो चाळीत टाकून ठेवता येत नाही. दुपारनंतर ऊन असं काही तापलं की खालच्या क्रेटमधून लाल पाणी ठिबकायला लागलं.

रंगनाथदादा सायखेड्याचे, पहिल्या वर्षापासून आम्हालाच माल देणारे. शांत माणूस. तेही आत आले. "मॅडम, खरं काय ते सांगा. माल लय पिकलाय, उद्याचा दिवस नाय निघायचा. मार्केटला न्यावा तर आज मार्केट पण बंद हे."

मागून कुणीतरी ओरडलं, "ओता इथंच गेटवर!" दोघातिघांनी खरंच ट्रॉलीचे मागचे फाळके सोडले. अशोकराव त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

माझ्या फोनमध्ये एक नंबर होता. मशीन बसवायला कंपनीच्या मालकाचा मुलगा पावलो स्वतः आला होता. त्याचं सिम चालेना म्हणून एकदा त्याने माझ्या फोनवरून आईला व्हिडिओ कॉल केला होता... तो नंबर.

पण सणाचा दिवस, तिकडे नेमकी दुपारच्या जेवणाची वेळ, आणि बाई अनोळखी. इटालियन माणसाला जेवणावरून उठवू नये, हे तर कोर्समध्ये बजावून सांगितलं होतं. तरी व्हिडिओ कॉल लावला.

उचलला. मागे ताटल्यांचा आवाज, हसणं-खिदळणं. मी तोडक्यामोडक्या इटालियनमध्ये सांगत होते... मशीन, बंद, पावलो. त्या म्हणाल्या, "फेरिए, फेरिए." म्हणजे सुट्टी. पावलो समुद्रावर, त्याचा फोन बंद. त्यांच्या कपाळावर आठी होती आणि बोट फोन बंद करायला पुढे आलं होतं.

माझे शब्द संपले. मी कॅमेरा उलटा केला आणि गेटबाहेर धावले. ट्रॉल्या, क्रेट, ठिबकणारं पाणी... रंगनाथदादांनी कुणी न सांगता एक फुटलेला टोमॅटो तळहातावर घेऊन फोनसमोर धरला.

त्यांचं पुढे आलेलं बोट मागे गेलं.

मग त्या मला समजेल असं हळूहळू बोलल्या. त्या मूळच्या दक्षिणेतल्या. तिकडे नुसती शेती, कारखाने मात्र सगळे उत्तरेत, म्हणून तरुणपणी गाव सोडून कामासाठी उत्तरेत आल्या. वडील टोमॅटोच लावायचे. एका वर्षी माल न्यायला गाडीच आली नाही, तेव्हा त्यांनी उभं पीक नांगराखाली घातलं होतं.

एवढं बोलून त्या मागे वळल्या आणि घरात अशा काही ओरडल्या की ताटल्याच वाजायच्या थांबल्या! पावलो दरवर्षी ज्या किनाऱ्यावर जातो, तिथल्या कॉफीवाल्याला त्यांनी फोन लावला. त्याने पावलोला कुठल्याशा छत्रीखालून शोधून काढलं.

पावलोचा व्हिडिओ कॉल आला. उघडाबंब, केस ओले. त्याने सांगितलेला कोड मी टाकला... चुकला. स्क्रीनवर इशारा आला की पुन्हा चुकलात तर पुढे इंजिनिअर येईपर्यंत काही करता येणार नाही. पावलोने ते वाचलं, कपाळाला हात लावला आणि फोन कट केला.

तो वेळ कसा गेला ते सांगता येणार नाही. अशोकराव भिंतीला टेकून खाली बसले होते.

फोन परत वाजला. आमच्या मशीनचा कोड मशीन बसवून झाल्यावर बदलला होता, हे पावलोच्या वडिलांना आठवलं होतं. पावलोने सांगितलेल्या नव्या कोडचा एकेक आकडा मी मोठ्याने म्हणत दाबला. शेवटच्या आकड्याला बोट अडखळलं... लाल ओळ गेली. पंप घरघरला आणि पट्टा हलला.

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. फक्त बाहेरून फाळके परत लावल्याचे आवाज आले.

खालचे काही क्रेट वाया गेलेच. त्याचं अजून वाईट वाटतं.

संध्याकाळी मी पावलोच्या आईला आभाराचा मेसेज केला. लगेच उत्तर आलं. मशीनबद्दल एक अक्षर नाही. एवढंच... "तिथली माणसं जेवली का?"

कुणीच जेवलं नव्हतं. मी रंगनाथदादांना वाचून दाखवलं तर ते आधी हसले, मग तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "त्या माउलीला कळवा, जेवायला बसतोय म्हणावं आता."

सिन्योरा, तुमचं सणाचं जेवण माझ्यामुळे गार झालं. तुम्ही ते होऊ दिलंत... मनापासून आभार.