फुगेदादांचे गाल

आमच्या समोरच्या ट्रंपेटवाल्याला सगळी गल्ली फुगेदादा म्हणते. नाव मीच ठेवलंय, नाकारत नाही. तीस वर्षं बँडपथकात फुंकून फुंकून गालांच्या पार पिशव्या झालेल्या. म्हणूनच सोमवारी दोन्ही गाल टम्म फुगले, तरी कुणाला शंका आली नाही. मी तर म्हटलं, "दादा, आज वाद्यच गिळलंत की काय?" ते हसले, लिंबूसरबताचा घोट घेतला आणि कान धरून मटकन खालीच बसले.

डॉक्टरांनी कानाखाली चाचपलं. "गालगुंड. सूज आल्यापासून पाच दिवस कुणात मिसळायचं नाही. तान्ह्या बाळापासून तर लांबच."

वहिनींचा चेहरा उतरला. मंगळवारी लेक येणार होती, चार महिन्यांच्या नातीला पहिल्यांदाच घेऊन, आणि गुरुवारी परत जाणार होती. दादा महिनाभर उशी मांडीवर घेऊन बाळाची मान सांभाळायचा सराव करत होते. मी खिडकीतून पाहिलंय. खिडकीतून पाहणं हे माझं दुसरं काम. पहिलं कुठलं ते विचारू नका.

लेक आणि नात माझ्याकडे उतरल्या. वहिनींना लहानपणीच गालगुंड होऊन गेलेलं, म्हणून दादांची उस्तवार त्यांच्याकडे: गालांवर गार पाण्याच्या पट्ट्या, ठणका लागला की डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉल, मऊ भात, घोटघोट पाणी. आंबट बंद, तोंडाला पाणी सुटलं की कळ मस्तकात जाते. ताटवाटी, टॉवेल वेगळे. "आणि खालच्या बाजूला सूज आली तर लाजायचं नाही, तडक यायचं म्हणाले," वहिनी माझ्या कानात कुजबुजल्या. मी कुणाला सांगितलं नाही. फार कुणाला.

बुधवारी संध्याकाळी बाळानं भोकाड पसरलं. मी नाचले, टाळ्या वाजवल्या. ते आणखीच रडलं. लेक त्याला घेऊन खिडकीशी गेली. गल्लीपलीकडच्या काचेआड दादा, गालांना फडकं बांधलेले. त्यांनी ट्रंपेट उचललं. फुंकायची सोय नव्हती. ओठांपासून वीतभर लांब धरून नुसती बोटं चालवू लागले.

लेक थबकली. "काकू, माझी अंगाई!"

"तुला कसं गं कळलं? आवाज कुठाय?"

"आवाज कधी होता? तुम्ही तक्रार करायचात ना, म्हणून बाबा घरी बोटांनीच वाजवायचे, आई गुणगुणायची. मी बघत बघत झोपायचे."

मी खिडकीतून एक पाऊल मागे सरले. हे गल्लीत पहिल्यांदाच घडलं.

बोटं बघत ती गुणगुणू लागली. दादांनी लय उतरवली, तिनंही उतरवली. बाळ निजलं. दादांची बोटं मात्र थांबेनात. गाणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवारी त्या गेल्या. शनिवारी सूज ओसरली, डॉक्टरांनी दादांना मोकळं केलं. ते थेट माझ्याकडे आले, बाळ निजायचं त्या गादीवर टेकले.

"वजन किती असेल हो तिचं?"

मी दोन उशा एकात एक गुंडाळून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. म्हटलं, "एवढं. जरा जास्तच."

त्यांनी अलगद एका टोकाखाली हात घातला, मान सांभाळायला.