काळ्या मातीचा ओटा

आमच्या ओट्यावरची दाराजवळची फरशी पाय पडला की खट्ट वाजायची. ती वाजली की आई मान वर न करता चहाचं आधण ठेवायची. अण्णा कंपनीतून आलेत हे तिला त्या आवाजावरून कळायचं. अण्णा गेले त्याला दोन पावसाळे झाले, तरी फरशी वाजायची काही थांबली नाही. कधी कुत्रं चढायचं, कधी मीटर बघणारा, आणि आईची मान तेवढ्यापुरती दाराकडं वळायची. मी ते बघायचे आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्याच फरशीच्या कडेला पाय अडकून आई पडली. मनगट मोडलं. ओटा दुरुस्त करायचा हे त्या दिवशी ठरलं.

मी पत्रकं लिहिते, सभेत बोलते. गोल गोल बोलायची सवय नाही, म्हणून सरळ सांगते. ज्यांचे आजे-पणजे दुसऱ्याच्या ओट्याखाली हात जोडून उभे राहिले नाहीत, त्यांना ओटा म्हणजे काय ते कळायचं नाही. फुलंब्रीकडच्या आमच्या गावात अण्णांच्या आजोबांना त्या पायऱ्या चढायची मुभा नव्हती. भाकरी वरून खाली यायची, पदरात. म्हणून अण्णांनी शहराच्या कडेला जागा घेतली तेव्हा भिंतींना गिलावा व्हायच्या आधी ओटा बांधला. चांगला रुंद, वर शहाबादी फरशी. भाजीवाली येवो, रद्दीवाला येवो, नाहीतर कंपनीतला साहेब येवो, अण्णांचं एकच म्हणणं असायचं, "खाली नाय, वर बसा."

पण ओटा पहिल्यापासून दगाबाज. पावसाळ्यात फरश्या वर उचलायच्या, उन्हाळ्यात खचायच्या. अण्णा दरवर्षी पहार घेऊन बसायचे, फरशीखाली दगडाच्या चिपा सारायचे, सिमेंट लिंपायचे आणि म्हणायचे, झालं आता. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

दादा शेंद्र्याला कंपनीत आहे. त्याचं म्हणणं साधं होतं. ओटाच काढून टाकू. गाडी आत घ्यायला उतार करू, वर चकचकीत टाइल्स, पुढं स्टीलची जाळी. गल्लीत बहुतेकांनी हेच केलंय, हे खरं. आता त्या टाइल्सवर उन्हात पाय ठेववत नाही, पावसात उभं राहवत नाही, आणि जाळीला कुलूप. माझं डोकं फिरलं. ज्याच्या आजोबांना आयुष्यभर खाली उभं केलं त्या माणसानं बांधलेली जागा तू मोटारसायकलला देणार का, असं बरंच काही मी बोलले. दादानं शांतपणे ऐकून घेतलं.

"झाली का सभा?" तो म्हणाला. "टाळ्या वाजवू का घोषणा देऊ?"

आई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "गाडी कुठं बी उभी राहती. मान्साला बसायला जागा लागती." दादानं मिस्त्रींना फोन लावला.

मिस्त्री अण्णांच्या ओळखीचे, पलीकडच्या मोहल्ल्यातले. आले ते रस्त्याच्या कडेलाच उकिडवे बसले. आई आतूनच म्हणाली, भाईजान, वर बसा. मग ते वर बसले, चहा प्याले, आणि ज्या फरशीवर बसले होते तीच पहिल्यांदा उचलली. खाली बघून थबकले.

"भाभी, ये तो खेत की मट्टी है. मुरूम नै डाला क्या किसी ने?"

मी वाकून बघितलं. काळीभोर माती, भेगाळलेली, भेगेत माझी अख्खी बोटं जात होती. मिस्त्री म्हणाले, ही पाणी प्याली की फुगणार, उन्हात फाटणार, वर संगमरवर घातला तरी उचलणार. सगळी काढून मुरूम भरावाच लागेल. गवंडीकामातलं हे पहिलं पाऊल, अण्णांना ठाऊक नसेल का?

आईला ठाऊक होतं. तिनं त्याच वेळी मुरूम टाका म्हणून सांगितलं होतं. आमची आजी गावात ज्या शेतात जन्मभर मजुरीला जायची, तिथं तेव्हा शेततळं खोदत होते. निघालेली माती न्या, शेतमालक म्हणाले. अण्णांनी ट्रॉली भरून आणली. ट्रॅक्टरवाला हसला, शहरात काय कापूस लावता का? आई भांडली.

"तर मला म्हणले," आई सांगत होती, "आपुन जमीन कवा घ्यायची? ही तरी आपली असू दे."

मी शेकडो पत्रकांत भूमिहीन हा शब्द लिहिलाय. त्या दिवशी तो शब्द मला माझ्या घराच्या दारात खणलेला दिसला.

माती फेकू नका, एवढंच आई म्हणाली. तिचा रस्त्याकडेला ढीग लागला. गल्लीतल्या बायका कुंड्यांसाठी घमेली घेऊन आल्या. आई एका हातानं खोरं धरायला बघायची आणि प्रत्येकीला म्हणायची, "न्या ना, घरची हाय." शेतमालकिणीच्या थाटात म्हणायची. शेवटचं घमेलं दादानं गुपचूप गच्चीवर नेलं आणि त्यात आईसाठी अंबाडी टाकली.

मुरूम भरला, पाणी मारून ठोकला, वर जुनीच फरशी बसवली, उतार रस्त्याकडं दिला. ओटा आता पक्का आहे. दुपार उतरली की बायका येऊन बसतात, आईला हेच हवं होतं. मलाही.

परवा सभेवरून आले. दाराजवळच्या फरशीवर पाय दिला. काही वाजलं नाही. मी सवयीनं थांबले, मागं गेले, पुन्हा जोरात पाय दिला. आत आई गॅसपाशी पाठमोरी उभी होती. मी आई म्हणून हाक मारली तेव्हा दचकली.

"कवा आलीस? कळलंच नाय बघ."

तिनं आधण ठेवलं, आणि चहा उकळेपर्यंत आम्ही दोघी दाराकडं बघत उभ्या राहिलो.