भोंगा तासभर आधी वाजला

लग्न जमवताना लोक मुलीतली खोट लपवतात. कुणी तिरळा डोळा लपवतं, कुणी वय. माझ्या आईवडिलांनी माझी चौथी लपवली. मोडनिंबच्या शाळेत मी चौथी पास झाले होते आणि सोलापूरच्या स्थळाकडून निरोप आला होता, की मुलाच्या वडिलांना शिकलेली सून नको, शिकलेली बाई उलट बोलते. वडिलांनी देवाशपथ सांगितलं, पोरीला अक्षराची ओळख नाही. अंगाला हळद लागली आणि मी निरक्षर होऊन सासरी आले.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, कापडाच्या मिलमध्ये साच्यावर होते. मागाला मिलमध्ये साचा म्हणत. आमचे हे बार्शीला कापसाच्या जिनिंगमध्ये, पंधरवड्यानं एकदा घरी यायचे. दिवसभर चाळीत मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई विड्या वळायच्या. दुपार कलली की शेजारच्या चार बायका मांडीवर सूप घेऊन आमच्या ओसरीवर बसत. पानं कातरायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा आणि तोंडानं मिल, सासू आणि मुकादम यांचा उद्धार करायचा.

तंबाखू यायची जुन्या वर्तमानपत्रात बांधून. एकदा पुडा सोडताना माझ्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, ज्वारी आणखी उतरली की!"

आत्याबाईंची कात्री थांबली. "तुला कुनी सांगितलं?"

मी कागदाकडे बघितलं, त्यांनीही बघितलं, आणि मी सरळ रडायला लागले. त्यांनी गल्लीत दोन्हीकडे नजर टाकली. "रडाया आख्खा दिस पडलाय. आजून काय लिवलंय त्यात?"

तेव्हापासून संध्याकाळच्या भोंग्याआधीचा तास वाचनाचा. बातम्या पंधरा दिवसांच्या शिळ्या, आणि तंबाखूमुळे दर चार ओळींना मला शिंक यायची. पण बायका कान टवकारून बसत. पलीकडच्या खोलीतली तेलुगू विणकरीण तर माझी शिंक पुरी होऊ द्यायची नाही. "चेप्पु, चेप्पु," म्हणजे सांग, सांग. जगात मंदी आली आहे, मालाला उठाव नाही, हे आम्हांला तिथंच कळलं. विणकरीण म्हणाली, "ज्वारी स्वस्त झाली तर चांगलंच की. रडतंय कोण?" मी म्हटलं, "माझा बाप. शेतात ज्वारीच आहे त्याच्या." आत्याबाईंनी मला चहा दिला.

मामंजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. कळलं असतं, तर फसवून दिलेली सून म्हणून माझी रवानगी थेट मोडनिंबला. शिवाय सासऱ्यांसमोर सुनेनं पदर घेऊन दाराआड उभं राहायचं, आवाज ऐकू येता कामा नये आणि सासऱ्यांनीही सुनेशी थेट बोलायचं नाही, अशी रीत. त्या एका तासापायी मी माझा संसार टांगणीला लावला होता, आणि तरीही तो तास सोडवत नव्हता. खरं सांगते, बार्शीहून हे यायचे त्यापेक्षा मी त्या पुड्यांची वाट जास्त बघायची.

आणि एके दिवशी भोंगा तासभर आधीच वाजला.

"मिलला आग लागली!" विणकरीण सूप टाकून उठली. आम्ही सगळ्या ओसरीच्या कडेला धावलो. आग कुठली? डबे हलवत कामगार शांतपणे चालत येत होते आणि त्यांत सर्वांत पुढे मामंजी. मी कागद अंगाखाली घेऊन त्यावर बसले. सासरे समोर असताना सून बसलेली! आत्याबाई म्हणाल्या, "तिच्या पायाला मुंग्या आल्यात."

सरकारनं कायदा केला होता. कामगारांना फार राबवू नये म्हणून रोजचे तास कमी. कायदा झाला दिल्लीला आणि येऊन बसला आमच्या ओसरीवर.

बिचाऱ्या पुरुषांना या तासाचं काय करावं ते कळेना. जन्मात कधी उजेडी घरी आलेले नव्हते. मामंजींनी पहिल्या दिवशी उतरंड उतरवून कुठल्या गाडग्यात काय आहे ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी भाकरीचा काठ जाड होतो, असं चुलीशी बसून सांगितलं. तिसऱ्या दिवशी विडीत तंबाखू किती घालावी ते आत्याबाईंना शिकवलं. घरोघरी हीच कथा. विणकरीण म्हणाली, "सरकारनं गड्यांना इचारून कायदा केला. बायकांना कुणी इचारलं?" माझा कागद मात्र पिठाच्या डब्याखाली घडी होऊन पडला. मला रात्री जेवण जाईना.

आत्याबाईंनी उपाय सुरू केले. आधी मामंजींना तळ्याकडे फिरायला धाडलं. ते पाव तासात परत आले, वर भूक लागली म्हणाले. मग आत्याबाईंनी युनियनचं नाव काढलं. मामंजी युनियनच्या नावानं बोटं मोडायचे. मालकाचं मीठ खातो, म्हणायचे.

"तितं सभेला चा देत्यात म्हनं," आत्याबाई म्हणाल्या. "जाऊन तर बगा की."

मामंजी चहाला गेले. आम्ही घडी उलगडली. दुसऱ्या दिवशीही आत्याबाईंनी त्यांना दारातूनच परत लावलं. असे दोन महिने. पाऊस असो, ऊन असो, मामंजी सभेत हजर. युनियनवाल्यांना वाटलं, एवढा निष्ठावान माणूस शोधून सापडणार नाही. त्यांनी मामंजींना कमिटीवर घेतलं. घरी जायला बंदी आहे म्हणून हा माणूस इथं बसतो, हे त्यांना कोण सांगणार? पण चहा पिता पिता कानावर पडलेलं मुरतंच. मामंजी घरी येऊन हक्क, पिळवणूक असले शब्द बोलू लागले. आत्याबाई म्हणायच्या, "बोला की, पर भाईर."

मग मालकांनी हिशेब मांडला. तास कमी, तर मजुरी कमी. वर मंदी आहे, म्हणून दोघांचे साचे एकानं सांभाळायचे. संप झाला. संपाच्या सभा सकाळी, त्यामुळे अकरा वाजल्यापासून मामंजी घरात. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "येक तास घालवाया गेले, आन् आख्खा दिस पदरात पडला."

तिसऱ्या आठवड्यात जमावबंदी आली. सभा बंद. युनियनमध्ये वाचून दाखवणारा जो एक होता, त्याला पोलिसांनी नेलं. मामंजी एका दुपारी ताजा पेपर घेऊन आले आणि चाळभर हिंडले. वाचणारा एकही गडी नाही. संपावर काय छापून आलंय, काय ठरलंय, सगळी चाळ विचारत होती आणि कमिटीचा माणूस कागद धरून ओसरीवर घाम पुसत बसला होता. त्यांची मला फार दया आली. भीतीही तेवढीच वाटली.

आत्याबाई सूप खाली ठेवून म्हणाल्या, "घरात वाचनारं मानूस हाय. तुमास्नी चालंल का?"

मामंजींनी घर बघितलं. घरात मांजर, आत्याबाई आणि दाराआड मी. मग ते खांबाकडे बघून म्हणाले, "वाचाया सांगा."

मी दाराआडून हळू आवाजात सुरुवात केली. एक गोष्ट सांगायची राहिलीच. साच्यांच्या खडखडाटात मामंजींचे कान अर्धे गेले होते. इतके दिवस ते घरात असताना मी कुजबुजत बोलायची ती उगीचच. फक्त डोळ्यांपासून लपायचं होतं.

"ऐकू येईना! मोट्यानं!"

मी आवाज चढवला. "आजून मोट्यानं!" मी ओरडले. गल्ली गोळा झाली. मालकांचं निवेदन होतं. पुढची ओळ पाहिली आणि मी थांबले.

"का थांबली?" त्यांनी खांबाला विचारलं.

मी डोळे मिटून ओरडले, "संप करणारी माणसं अडाणी आहेत! त्यांना लिहितावाचता येत नाही, त्यांना कुणीही भरीला घालतं!"

मामंजी उठले. खांबाला सोडून दाराशी आले आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"लिवाया बी येतं का गं तुला?"

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी पदर सारखा केला आणि पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "व्हय!"