शेणाच्या विजेची चव

लग्न होऊन मी नाचणगावला आले, तेव्हा गावात वीज नव्हती. सासरे पुलगावच्या तारघरातून निवृत्त झालेले. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, की शेणात बारीक जीव असतात आणि ते खाता खाता वीज सोडतात. झालं! गोठ्यामागं मडक्यांची रांग लागली. प्रत्येकात शेणकाला आणि जुन्या बॅटऱ्यांतल्या कोळशाच्या दोन कांड्या, एक तळाच्या गाळात, एक वर पाण्यात. सगळी मडकी तारेनं जोडलेली. जिवांना रोज गूळ लागे. आमचा चहा अगोड झाला तरी चाले.

वीज मोजायला यंत्र नव्हतं. सासरे तारेची दोन टोकं जिभेला लावत. पण स्वतःच्या जिभेवर त्यांचा भरवसा नव्हता.

"सूनबाई, जीभ काढ."

ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्यासमोर मी रोज सकाळी जीभ काढून उभी राहायचे.

"काय लागून राह्यलं?"

"मुंग्या, मामाजी. अन् आंबट."

ते खूश होत. दिवा मात्र लागत नव्हता.

अशात नणंदेला बघायला सिंदी मेघेहून पाहुणे आले. सासूबाईंनी बजावलं होतं, "आज त्या मडक्यायचं नाव काढू नका." पण मुलाच्या वडिलांनीच नाक मुरडत विचारलं, "वास कायचा येऊन राह्यला?"

सासरे उठलेच. "चला, दाखवतो तुम्हाले."

नणंद पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली, तर बैठकीत एकटा मुलगा. दोघं एकमेकांकडे बघून हसू दाबत बसले. मी गोठ्यामागं डोकावले. मुलाचे वडील फेटा काढून, डोळे मिटून, जीभ बाहेर काढून उभे होते.

"लागलं का काई?"

"लागलं! थांबा, अजून एक मडकं जोडा!"

दिवस कलला तरी दोघं येईनात. शेवटी सासूबाईंनी हाक मारली, "अहो, पोरगी पाहाची राह्यली ना!"

"पसंत आहे!" तिकडूनच मुलाच्या वडिलांचा आवाज आला. "फक्त दोन मडकी विरजणाले द्या."

नणंदेची पाठवणी झाली, तेव्हा बैलगाडीत तिच्या दोन्ही बाजूंना एकेक मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. ती रडत होती. मधेच नाकाला पदर लावत होती. व्याही गाडीवानाला सांगत होते, "हळू हाक रे, हिंदकळू देऊ नको!"

नणंद नंतर सांगायची, "मले वाटलं, माझ्याचसाठी सांगून राह्यले."